झेनोटाइप बनवायला बसताय? आधी ती टिक

रिमवर्ल्ड या गेमचं बायोटेक डीएलसी (विकतची भर) घेतलंय आणि स्वतःची प्रजाती, म्हणजे झेनोटाइप बनवायचीय, तर एडिटर उघडल्या उघडल्या 'जीन्स आर इनहेरिटेबल' हा चौकोन शोधा आणि टिक करा. जीन्स मागाहून निवडा. माझी टिक मागच्या वेळी राहिली. आईस शीटवर अंगभर लोकर घेऊन हिंडणाऱ्या जोडप्याला १८ दिवसांनी बाळ झालं ते बेसलायनर, म्हणजे साधं माणूस, गुळगुळीत कातडीचं. मग पार्का कोटाची सोय आणि हीटर, दोन्ही त्या एकट्या पोरासाठी.

नाव, आयकॉन, केसांचा रंग: हवं ते घ्या.

मेटाबॉलिझमचा आकडा मात्र बघत राहा. चांगली जीन्स घेत गेलात की तो खाली जातो. उणे ५ ला भूक सव्वादोन पट होते, अधिक ५ ला निम्मी. बर्फात शेती नाही, तिथे सव्वादोन पट खाणारे पहिलवान पोसणार कशावर? तोल सांभाळायला वाईट जीन्स घ्याच, पण बघून. लांबचं दिसत नाही ते जीन नेमबाजाला नको. टिंडरस्किन, म्हणजे पटकन पेटणारी कातडी, तर कोणालाच नको, लाकडी घरात आग लागली की कळेल. डिपेंडन्सीचं जीन, म्हणजे ठरावीक नशेवाचून जगता न येण्याचं, स्वस्तात पडतं म्हणून मोह होतो. घ्यायचंच तर दारूचं घ्या, बिअर घरी बनते. गो-ज्यूसचं (गेममधलं लढाईचं ड्रग) घेतलंत आणि पुरवठा तुटला, तर ३० दिवसांनी कोमा, ६० दिवसांनी मरण. म्हणजे गेममधलं एक आख्खं वर्ष, तेवढ्यात व्यापारी येईलच असं धरून चालू नका.

टिक केलीत ना? परत बघा. 'पुढे जीन असेंब्लर बांधून दुरुस्त करू' हा विचार डोक्यातून काढा. असेंब्लरमधून निघतो तो झेनोजर्म, म्हणजे टोचायचा जीन्सचा संच, तो ज्याला टोचला त्याच्यापुरताच. पोरांत उतरत नाही. कितीही जीन प्रोसेसर जोडा, कितीही जीनपॅक (साठवलेली जीन्स) विकत घ्या, उतरत नाही. वंशात जायचं ते फक्त सुरुवातीच्या त्या टिकेनेच.

स्टराइलचं, म्हणजे वांझपणाचं जीन अर्थातच नको, नाहीतर टिक कशाला केली?

मग सेव्ह. सुरुवातीच्या तिघांना हाच झेनोटाइप एकेकाला लावा, आपोआप लागत नाही. एक बाई, एक पुरुष तरी हवेत. जीनपॅक जीन बँकेत ठेवा, बँकेला वीज द्या. बाकी खेळताना कळेल. सुरू करण्याआधी मागे जाऊन ती टिक बघून या.