करून दाखवायचं नाही

तीस वर्षं रंगमंचावर काढली की एके दिवशी कुणीतरी विचारतंच, "सर, आमची एकांकिका बसवाल का?" पुण्यात तर हे ठरलेलंच. पुरुषोत्तम करंडक ही कॉलेजांची एकांकिका स्पर्धा १९६३ पासून सुरू आहे, त्यामुळे पावसाळा लागला की कॉलेजांच्या जिन्याखाली तालमी आणि दिग्दर्शकाचा शोध. मीही खुशीत हो म्हणालो, आणि पहिल्याच आठवड्यात सगळ्या भूमिका करून दाखवल्या. पोरं खूश, मी त्याहून खूश. स्पर्धा संपल्यावर एक परीक्षक म्हणाले, "सहाही जण एकाच माणसाची नक्कल करतायत. तो माणूस कोण?" मी विंगेत घाम पुसत उभा होतो.

तर नटाला मास्तर व्हायचं असेल, तर करून दाखवायचं नाही. हे फार अवघड आहे. अंग शिवशिवतं.

पहिले आठ दिवस सतरंजीवर बसून नुसतं वाचन घ्या. रोज भूमिका बदलून. पाठांतराची घाई करू देऊ नका. घरी एकट्यानं पाठ केलेलं वाक्य चालीसकट डोक्यात बसतं, आणि मग समोरचा नट काहीही करो, ती चाल सुटत नाही.

सूचना देताना भाव सांगू नका, काम सांगा. "चिडून म्हण" म्हटलं की मुलगी भुवया चढवते, संपलं. आमच्या एकीला वाक्य होतं, "आई, किल्ली कुठंय?" आठवडाभर ती रागच दाखवत होती. शेवटी मी माझ्या गाडीची किल्ली आमच्या तालमीच्या हॉलमध्ये लपवली आणि म्हटलं, शोध, मिळाल्याशिवाय घरी जायचं नाही. तिनं चपला उलट्या केल्या, सतरंजी उचलली, आणि बाकाखाली वाकलेली असतानाच वाक्य म्हणाली. दमलेलं, वैतागलेलं, अगदी खरं. किल्ली कोपऱ्यातल्या छत्रीत होती. (दुसऱ्या दिवशी पुन्हा लपवली आणि कुठं ते मीच विसरलो. रिक्षानं घरी.)

हालचाली बसवायच्या आधी जिथं प्रयोग आहे तिथलं स्टेज टेपनं मोजून या आणि तालमीच्या फरशीवर खडूनं तेवढंच आखा. सुदर्शन रंगमंचासारख्या छोट्या नाट्यगृहात पापणी हलली तरी दिसते. बालगंधर्वच्या हजारेक खुर्च्यांसमोर तोच अभिनय तिसऱ्या रांगेपुढं जात नाही. एकच नाटक दोन्हीकडं करायचं असेल तर दोन्हींच्या वेगळ्या तालमी हव्यात.

आवाजाचं मात्र मी कडक घेतो. मराठीत क्रियापद शेवटी येतं, नकारही बहुधा शेवटीच, आणि नवखा नट नेमका वाक्याचा शेवट गिळतो. "मी जाणार नाही" मधला "नाही" पडला की नाटकाचा अर्थच उलटा. म्हणून रंगीत तालमीला मी शेवटच्या रांगेत दहा मिनिटं डोळे मिटून बसतो आणि जिथं शेवट ऐकू आला नाही तिथं वहीत फुली मारतो. फुल्या त्याच रात्री सांगायच्या, प्रयोगाच्या सकाळी नाही.

प्रकाशयोजना, संगीत ज्याला कळतं त्याच्यावर सोपवा. नटाला वाटतं आपल्याला सगळं कळतं. नसतं कळत.

प्रयोगाच्या दिवशी विंगेत उभं राहू नका, तिथून हातवारे होतात. खाली प्रेक्षकांत बसा. भरत नाट्य मंदिरात कॉलेजच्या पोरांच्या "अरे आवाज कुणाचा" घोषणांचा गदारोळ शमला, तिसरी घंटा झाली, पडदा गेला. किल्लीचा प्रसंग आला. ती छत्रीकडं गेलीच नाही. आईच्या उशाशी गेली, उशी उचलली, खाली ठेवली, आणि मग म्हणाली. हे आम्ही कधीच बसवलं नव्हतं.

शेजारून बायकोनं कोपर मारलं. "ओठ हलतायत तुमचे. मिटा."