देणगीसाठी नेपाळचा ट्रेक : भीतीची तयारी बडोद्यातच करावी

एखाद्या संस्थेसाठी देणगी गोळा करत नेपाळमध्ये ट्रेक करायचा आणि त्या निमित्ताने मनातली उंचीची भीतीही घालवायची, असा बेत ज्यांनी केला आहे त्यांनी हे आधीच ध्यानात घ्यावे, की या कामाचा मोठा भाग निघण्यापूर्वी बडोद्यातच उरकावा लागतो. उदाहरणादाखल अन्नपूर्णा बेस कॅम्प घेऊ. त्याची उंची ४,१३० मीटर आहे आणि वाटेत झिनू डांडा येथे सुमारे २८७ मीटर लांबीचा झुलता पूल आहे. पुलाच्या तोंडाशी उभे राहून भीतीशी पहिली ओळख करून घेणे शहाणपणाचे नव्हे.

जोसेफ वोल्पे या मानसोपचारतज्ज्ञाने १९५०च्या दशकात मांडलेल्या उपचारपद्धतीचे सूत्र असे, की ज्याची भीती वाटते त्याला सोप्या टप्प्यापासून सुरुवात करून क्रमाने सामोरे जावे. आपले शहर सपाट असल्यामुळे पहिला टप्पा म्हणजे एखाद्या ओळखीच्या इमारतीची तिसऱ्या मजल्यावरची गॅलरी. तिथे कठड्याशी उभे राहून भीतीला दहापैकी गुण द्यावेत. आकडा पाचच्या आसपास असेल तर जागा योग्य आहे. आठ असेल तर एक मजला खाली यावे. मग मोबाइल न काढता आणि डोळे न मिटता, आकडा दोन-तीनवर उतरेपर्यंत तिथेच थांबावे. सुरुवातीला कठडा घट्ट धरलेला असतो, तळव्यांना घाम येतो. हळूहळू पकड सैल करून शेवटी हात बाजूला घ्यावा. भीती ऐन भरात असताना मागे फिरल्यास सुटका पळण्यामुळेच झाली असे मनाला वाटते आणि पुढच्या वेळी भीती वाढते, म्हणून हे थांबणे सर्वांत महत्त्वाचे. त्यानंतर पाचवा मजला आणि मग पावागड. गड शहरापासून सुमारे ५० किलोमीटरवर आहे. तिथे रोपवेचा मोह टाळून माचीपासून पायऱ्यांनी चढावे. पायांची तयारीही त्यातच होते. नवरात्रात मात्र या सरावासाठी जाऊ नये, कारण त्या गर्दीत कुठेही निवांत थांबता येत नाही. छातीत धडधड होऊन श्वास कोंडण्याइतका त्रास होत असेल, तर हा प्रयोग मानसोपचारतज्ज्ञाच्या देखरेखीखालीच करावा.

झुलत्या पुलाची गोष्ट जरा वेगळी आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये मोरबीचा पूल कोसळून १३५ माणसे दगावली. तेव्हापासून गुजरातेतल्या माणसाला अशा पुलाची धास्ती वाटत असेल, तर तिला कोणी भित्रेपणा म्हणू नये. गंजलेल्या तारा आणि पुलावरची गर्दी ही तिथली कारणे होती, त्यामुळे गर्दी ओसरेपर्यंत थांबणे हा साधा व्यवहार आहे. खेचरांचा तांडा येताना दिसला तर तो पूर्ण उतरू द्यावा. मग पलीकडच्या खांबावर नजर ठेवून, लहान पावले टाकत, मध्ये न थबकता जावे.

आपल्या मध्यमवर्गीय घरांत याहूनही अवघड भीती असते ती पैसे मागण्याची. कोणापुढे हात पसरू नये, हे बाळकडू पाजलेले असते. तरी प्रवासाचा खर्च स्वतःच्या खिशातून केला आणि देणगी थेट संस्थेच्या खात्यात जमा करायला सांगितली, की मागण्यातला संकोच बराच कमी होतो. देणगीदारांच्या पैशातून स्वतःचे तिकीट काढणे मला तरी पटत नाही. व्हॉट्सॲपच्या गटात सरसकट आवाहन टाकण्यापेक्षा एकेकाला फोन करावा आणि स्पष्ट बोलावे : “काका, मी अमुक संस्थेसाठी चालणार आहे. आपल्याला जमेल ती रक्कम संस्थेच्या खात्यात भरा, पावती तेच देतील. नाही जमले तरी मुळीच हरकत नाही.” शेवटचे वाक्य गाळू नये, त्याने दोन्ही बाजूंचे ओझे उतरते.

न्यू जर्सीतल्या भाच्याला विचारण्यापूर्वी त्याचा पासपोर्ट कोणता आहे ते पाहावे. तो अमेरिकी नागरिक असल्यास त्याची देणगी परकीय अंशदान ठरते आणि ती स्वीकारण्यासाठी संस्थेची एफसीआरए, म्हणजे परकीय अंशदान नियमन कायद्याखालची, नोंदणी असावी लागते. भारतीय नागरिकाने परदेशातून स्वतःच्या बचतीतली रक्कम बँकेमार्फत पाठवली, तर तिला ही अट लागू होत नाही.

कागदपत्रे थोडकीच आहेत. विमानाने नेपाळला जाताना पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे ओळखपत्र चालते. १५ ते ६५ वर्षे वयाच्या प्रवाशांना केवळ आधार कार्डावर विसंबता येत नाही. विम्यात किती उंचीपर्यंत संरक्षण आहे आणि हेलिकॉप्टरने सुटका करण्याचा खर्च मिळतो का, हे मात्र वाचून घ्यावे.

एका भीतीचे, म्हणजे उंचीवरच्या विरळ हवेने होणाऱ्या आजाराच्या भीतीचे, मात्र निमूटपणे ऐकावे. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरहून अधिक वाढवू नये, असा संकेत आहे. सुमारे ३,२०० मीटरवरच्या देउरालीहून थेट बेस कॅम्पला पोचणारे वेळापत्रक तो मोडते. म्हणून मध्ये ३,७०० मीटरवर माछापुच्छ्रे बेस कॅम्पला एक रात्र काढावी. डोकेदुखी आणि मळमळ सुरू झाली तर आणखी वर जाऊ नये आणि तोल जाऊ लागला तर ताबडतोब खाली उतरावे. लोकांनी पैसे दिले आहेत, आता परतलो तर काय म्हणतील, या लाजेपायी दुखणे लपवले जाण्याचा धोका इथेच असतो. त्यामुळे देणगी मागतानाच सांगून ठेवावे, की मी बेस कॅम्पला पोचलो किंवा देउरालीहून परतलो तरी ही रक्कम संस्थेकडेच राहील.