डॉलरच्या वर्चस्वावरचं उत्तर कसं लिहावं
सुरुवात १९४५ पासून करू नका. बहुतेकांचं इथेच चुकतं. आधी १९१४ घ्या. तोवर युरोपची कर्जदार असलेली अमेरिका पहिल्या महायुद्धात सावकार झाली. दोन महासागरांमुळे तिचे कारखाने शाबूत राहिले, हे एका वाक्यात पुरे.

खरा भर ब्रेटन वुड्सवर, म्हणजे अमेरिकेत त्या ठिकाणी झालेल्या चलनविषयक परिषदेवर द्या: जुलै १९४४, ४४ देश, एक औंस सोन्याला ३५ डॉलर आणि बाकीची चलनं डॉलरला बांधलेली. मग १९४८ ची मार्शल योजना, म्हणजे युद्धानंतर युरोप उभा करायला अमेरिकेने दिलेली मदत, सुमारे १३ अब्ज डॉलर. तिला निव्वळ दानधर्म म्हणू नका. त्या पैशातून युरोपने अमेरिकी मालही विकत घेतला.

शेवटी १५ ऑगस्ट १९७१. अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांनी डॉलरच्या बदल्यात सोनं देणं थांबवलं. इथे ‘डॉलर संपला’ असं लिहिलंत की उत्तर फसलं: सोन्याचा आधार गेला, तरी तेलाचे व्यवहार मुख्यतः डॉलरमध्येच होत राहिले.