ऑफिसात हिरव्या सवयी लावायच्यात? मग पोस्टर नंतर लावा, आधी सेटिंग बदला

‘पर्यावरण वाचवा’ असा मेल सगळ्यांना टाकून फार काही होत नाही. लोक वाचतात, चार जण अंगठा देतात आणि पाच मिनिटांनी तेच लोक चाळीस पानी रिपोर्ट एका बाजूने प्रिंट मारतात. वाईट नसतात हो, पण कामाच्या गडबडीत सेटिंग बदलत कोण बसणार?

म्हणून पहिले आयटीवाल्यांना गाठा. सगळ्या प्रिंटरचं डिफॉल्ट दोन्ही बाजूंनी आणि ब्लॅक अँड व्हाइट करून घ्या, ज्याला वेगळं हवंय तो बदलून घेईल, बहुतेक जण बदलत नाहीत. स्वीडनच्या एका युनिव्हर्सिटीत हे मोजून बघितलंय, कमी प्रिंट काढा अशी विनंती करून काही फरक पडला नाही, नुसतं डिफॉल्ट बदललं तर कागद साधारण 15 टक्के कमी लागला. जमलं तर कार्ड दाखवल्याशिवाय प्रिंट बाहेरच येणार नाही अशी सोय करा, मग ट्रेमध्ये बेवारस गठ्ठे पडून राहत नाहीत. त्याच फेरीत कॉम्प्युटर दहा-पंधरा मिनिटांत स्लीपला जातील असं करून घ्या. स्क्रीनसेव्हरने वीज वाचते असं अजून बऱ्याच जणांना वाटतं, पण स्क्रीन चालूच असते, तो जुन्या काचेच्या मॉनिटरवर एकच चित्र उमटून बसू नये म्हणून आला होता.

खरी डोकेदुखी कचऱ्याची. डेस्कखालचे डबे उचला (कुरकुर होईल, होऊ दे) आणि पॅन्ट्रीजवळ ओला, सुका, कागद असे डबे शेजारी-शेजारी ठेवा. डब्यावर नुसतं ‘सुका’ लिहून भागत नाही, तुमच्याच ऑफिसात रोज फेकल्या जाणाऱ्या वस्तूंचे फोटो चिकटवा. मग अर्धा तास तिथे उभं राहून लोक कुठे अडखळतात ते बघा. कागदी कप हातात घेऊन माणूस हमखास थांबतो आणि शेवटी कागदाच्या डब्यात टाकतो, पण त्याला आतून प्लास्टिकचा थर असतो आणि तळाला चहा. आणि हे सगळं करण्याआधी हाउसकीपिंगच्या लोकांशी बसून बोला, कचरा नेणारा नक्की काय काय वेगळं घेतो तेही विचारा, कारण संध्याकाळी सगळे डबे एकाच काळ्या पिशवीत उलटे होताना एकाने जरी पाहिलं तरी दुसऱ्या दिवसापासून कुणी वेगळं टाकणार नाही.

कप एकदम बंद करू नका. आधी चहाचे मग ठेवायला फळी, सिंकवर साबण आणि धड स्पंज एवढं द्या, कागदी कप पाहुण्यांसाठी ड्रॉवरमध्ये जाऊ देत. साहेबांनीच मीटिंगला स्वतःची बाटली आणली तर अर्धं काम तिथेच झालं.

एसीला सुरुवातीला हात लावू नका, त्यावरून भांडणं होतात आणि बाकीची मोहीमही बुडते. दिव्यांच्या बटणांवर मात्र कुठलं कशाचं ते लिहून टाका, लोक सगळी बटणं दाबतात कारण कुठलं कुठलं ते माहीतच नसतं.

महिन्याला किती कागद लागला ते ॲडमिनकडून घ्या आणि मजल्याप्रमाणे बोर्डवर लावा. 80 जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला 80 ग्रॅम वजनाचा) एक ए4 कागद 5 ग्रॅमचा, म्हणजे 500 कागदांचं रीम अडीच किलोचं, आकडा किलोत लिहिला की लोक थांबून वाचतात. कुणा एकाचं नाव मात्र बोर्डवर नको, तो चिडेल आणि त्याच्या बाजूने अख्खी टीम उभी राहील.