मर्चिसन फॉल्सची नदी-सफारी आणि कॅम्पमधली रात्र : बडोदेकरांसाठी

युगांडातील मर्चिसन फॉल्स राष्ट्रीय उद्यानात नाईल नदीवर सफारी करायची असेल, तर तयारीची सुरुवात विमानाच्या तिकिटापासून नव्हे, पीतज्वराच्या लशीपासून करावी. ही लस सरकारमान्य केंद्रातच आणि प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्यावी लागते. प्रमाणपत्र नसल्यास परतताना भारतीय विमानतळावरून थेट विलगीकरणात जाण्याची वेळ येऊ शकते, म्हणून ते पासपोर्टसोबतच ठेवावे. हिवतापाच्या गोळ्यांविषयी डॉक्टरांना विचारावे. चावणाऱ्या त्सेत्से माश्या गडद निळ्या आणि काळ्या रंगाकडे ओढल्या जातात, त्यामुळे फिकट, पूर्ण बाह्यांचे कपडे न्यावेत.

डिसेंबर ते फेब्रुवारी किंवा जून ते सप्टेंबर हे महिने त्यातल्या त्यात कोरडे असतात. कंपालापासून उद्यान सुमारे ३०० किलोमीटर दूर असल्याने पोहोचण्याच्या दिवशीच बोट ठरवू नये.

बोट उद्यानातील पारा नावाच्या ठिकाणाहून सुटते. माझ्या मते दुपारचीच फेरी घ्यावी, कारण परतताना उन्हे कललेली असतात आणि छायाचित्रे चांगली येतात. नाईलची मगर आपल्या विश्वामित्रीतल्या मगरीपेक्षा बरीच मोठी होते. ती काठावर जबडा वासून पडलेली दिसली, तर बहुधा अंगातली उष्णता बाहेर टाकत असते. बडोदेकराची नजर साहजिकच तिच्यावर खिळते, पण त्याहून अधिक जपायचे ते पाणघोड्याला. पाण्यावर नुसते कान, डोळे आणि नाकपुड्या दिसतात, फुस्सकन तुषार उडतात आणि क्षणात तेथे काहीच नसते. धबधबा जवळ आला की फेसाचे पांढरे पुंजके वाहत येऊ लागतात. वर अख्खी नदी जेमतेम ७ मीटरच्या फटीतून सुमारे ४३ मीटर खाली कोसळते. तो पाहण्यासाठी सर्वांनी बोटीच्या एकाच बाजूला धावू नये.

विषुववृत्ताजवळ तिन्हीसांजा लवकर सरतात आणि सातच्या सुमारास अंधारून येते. दिवसभर पाण्यात डुंबणारे पाणघोडे त्यानंतर चरायला बाहेर पडतात, आणि त्यांच्या ठरलेल्या वाटा नदीकाठच्या कॅम्पमधूनही जातात. म्हणून तंबूतून जेवणाला किंवा शेकोटीकडे जाताना पहारेकऱ्याला, म्हणजे तिथल्या अस्करीला, सोबत घ्यावे आणि टॉर्च हाती असावा. पाणघोडा आणि पाणी यांच्या मध्ये कधीही येऊ नये, कारण बिथरला की तो पाण्याकडेच धाव घेतो आणि वाटेत आलेल्याची गय करत नाही.

शाकाहारी असल्यास मासे आणि अंडीही चालत नाहीत, हे बुकिंगच्या वेळीच स्पष्ट कळवावे. चपाती आणि घेवड्याची उसळ तिथे सहज मिळते. घरून नेलेला लीलो चिवडा तंबूत न ठेवता कॅम्पच्या स्वयंपाकघरात द्यावा, नाहीतर बबून माकडे तो शोधून काढतात. रात्री बाहेर गवत ओरबाडल्याचा आवाज आला तर तंबूची चेन उघडू नये. शौचालय तंबूला जोडून आहे ना, हेही आधीच विचारून घ्यावे. मध्यरात्री अस्करीला हाक मारत बसणे सोयीचे नसते.