पुरात घर सोडायचं तं सामान कशात भरायचं?

ऑगस्ट 2020 मध्ये गोसीखुर्द धरणाचे 33 ही गेट उघडले, वैनगंगेकाठच्या गावांत पाणी शिरलं, तेव्हा कितीक लोकायला हातात येईल तेवढंच घेऊन निघा लागलं. म्हणून डबे आताच पाहून ठेवा.

पाण्यासाठी 20 लिटरची कॅन नका घेऊ भाऊ, भरली की 20 किलो होते, चिखलातून म्हातारं माणूस कसं नेईल, त्यापेक्षा 5 लिटरच्या दोन-तीन घ्या, त्याही खाण्याच्या तेलाच्या, साबणानं चांगल्या धुतलेल्या. फवारणीच्या औषधाची कॅन कितीही धुतली तरी अजिबात नाही, प्लास्टिकमध्ये विष मुरते, लेकराबाळांच्या जिवाचा प्रश्न आहे!

पोहे, मुरमुरे, फुटाणे, गूळ घट्ट फिरकीच्या झाकणाच्या बरणीत. बरणी तपासायची सोपी रीत: आत कोरडा कागद टाका, झाकण लावून उलटी बकेटीत दाबून धरा, कागद ओला झाला तं ती बरणी बाद. स्टीलचे डबे नको, जड पडतात आन झाकणातून पाणी जाते.

आधार, सातबारा, पासबुक, गोळ्या दुहेरी प्लास्टिक पिशवीत घालून डब्यात, आणि सगळं पाठीवरच्या शाळेच्या दप्तरात, कारण एक हात लेकराचा धराले मोकळा पाहिजे. चुंगडी (पोतं) डोक्यावर घेऊन पाण्यात चालणं लय धोक्याचं.