कादंबरी वाचणाऱ्यांनी गेमची गोष्ट कशी पकडायची

वाचणाऱ्या लोकांची गेम्सबद्दल ठरलेली तक्रार असते, प्लॉट बाळबोध आहे. खोटंही नाही ते, नुसता प्लॉट लिहून काढला तर निम्मे गेम्स बाळबोधच वाटतील. पण मुळात प्लॉटवरून जोखूच नका. खेळताना स्वतःला एवढंच विचारत राहा की आत्ता माझे हात काय करतायत आणि ते करताना मला कसं वाटतंय.

सुरुवात 'पेपर्स, प्लीज'पासून करा (२०१३, ल्यूकस पोप). तुम्ही सीमेवरचे कारकून, पासपोर्ट तपासून शिक्का मारायचा, माणशी पैसे मिळतात आणि त्यातूनच घरचं भाडं, जेवण, हीटिंग. एक माणूस येतो, कागद चोख, जाताना म्हणतो मागे बायको आहे, जरा सांभाळून घ्या. बायकोकडे परमिटच नाही. कादंबरीत इथे कारकुनाच्या मनातली घालमेल दोन पानं वाचायला मिळाली असती, इथे मन कोणी उघडून दाखवत नाही, शिक्का तुमच्या हातात आणि मागे रांग खोळंबलेली. बघा काय करताय ते.

मग 'व्हॉट रिमेन्स ऑफ एडिथ फिंच' घ्या (२०१७), त्यातला ल्युइसचा भाग. तो मासे डबाबंद करायच्या कारखान्यात कामाला. कंट्रोलरच्या उजव्या स्टिकने (अंगठ्याने फिरवायची छोटी दांडी) मासा उचलायचा, पात्याखाली न्यायचा, पुढे टाकायचा, परत तेच, आणि डाव्या स्टिकने त्याच्या डोक्यातल्या दिवास्वप्नात चालायचं. स्वप्न वाढत वाढत अख्खी स्क्रीन खातं पण उजवा हात मासे कापतच असतो, आणि एका क्षणी लक्षात येतं की आपण तिकडे बघतसुद्धा नाहीये. माणूस कामात असून नसतो म्हणजे काय हे मला कुठल्या परिच्छेदाने इतकं पटवलं नव्हतं. (यूट्यूबवर बघून भागवू नका, मजा हातातच आहे सगळी.)

काही गेम्समध्ये हात एक सांगतात आणि गोष्ट दुसरंच. कट-सीनमध्ये (मधेच येणारा, सिनेमासारखा नुसता बघायचा भाग) हळवा असलेला हिरो पुढच्याच मिनिटाला पन्नास माणसं लोळवतो. याला लुडोनॅरेटिव्ह डिसोनन्स म्हणतात, गेम डिझायनर क्लिंट हॉकिंगने २००७ मध्ये 'बायोशॉक' या गेमवर लिहिताना हा शब्द वापरला. असं खटकलं तर तो दोष धराच, सिनेमॅटिक आहे म्हणून सूट नको.

'डार्क सोल्स'सारख्या गेममध्ये तर त्या जगाचा इतिहास तलवारी-अंगठ्यांच्या वर्णनात विखुरलाय, त्यामुळे मेन्यूतला मजकूर वाचल्याशिवाय पुढे पळू नका.

आणि चॉइस किती आहेत यावरून गोष्टीची लायकी ठरवू नका. 'द लास्ट ऑफ अस'च्या शेवटी तुम्हाला विचारतच नाहीत, त्यातला नायक जोएल जे करतो ते तुमच्याच हातून करवून घेतात, पटो न पटो. तिथे चिडचिड झाली तर कंट्रोलर ठेवून थोडं थांबा आणि नेमकं कुणावर चिडलोय ते बघा, गेमवर, जोएलवर की स्वतःवर.